एम.ए. लोकप्रशासन : नोकरीत राहून करावं का, आणि कुठून?

बालाघाटची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचते आहे इथं, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी बीड जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक आहे, आस्थापना टेबल (कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद). बी.एस्सी. झालेली आहे, लग्नानंतर नोकरी लागली, मुलगी आता शाळेत जायला लागली त्यामुळे संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. एम.ए. लोकप्रशासन करायचं मनात आहे. घरचे विचारतात प्रमोशन मिळणार का त्यानं, तर ते मला नक्की माहीत नाही. पण आमच्याकडं रोज जे चालतं ते मला कळून घ्यायचंय. म्हणजे बघा, एकच वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल तीनदा त्रुटी लावून परत येतं, प्रत्येक वेळी त्रुटी वेगळी, आणि त्रुटी लावणारा माणूसही वाईट नसतो, त्याला ऑडिटची भीती असते. साहेब बदलले की नमुने बदलतात, रजिस्टर बदलतात. हे असं का होतं याचा कुणीतरी अभ्यास केलेला असणारच ना. तो मला वाचायचाय.

प्रश्न असे : इग्नू (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) करू की विद्यापीठाचा रेग्युलर कोर्स? मराठीतून पेपर लिहिता येतो का? ऑफिसची परवानगी लागते का आणि कुठली? पदोन्नतीत काही फायदा? आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला ऑप्शनल म्हणजे वैकल्पिक विषय म्हणून उपयोग होईल का (वय आहे अजून माझं). ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, थोडक्यात नको.

पेठेतला
ताई राज्यसेवेचं मी सांगतो बाकीचं बाकीचे सांगतील. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झालीय, यूपीएससीच्या धर्तीवर, लेखी १७५० आणि मुलाखत २७५ असे २०२५ मार्क. त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर २५०-२५०, म्हणजे ५०० मार्क एकट्या ऑप्शनलचे. यादीत लोकप्रशासन आहे. हा पॅटर्न आधी २०२३ पासूनच येणार होता, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली म्हणून दोन वर्षं पुढं गेला, मी पण त्या गर्दीत होतो. आता मात्र पर्याय नाही, लिहायची सवय पाहिजेच.

लोकप्रशासनाचा फायदा असा की सामान्य अध्ययनातल्या शासनव्यवस्थेच्या पेपरशी बराच भाग जुळतो, निबंधाला पण कामी येतं. पण यूपीएससीवाल्यांना विचाराल तर ते जपून सांगतील. २०१० च्या आसपास हा तिथला सगळ्यात जास्त घेतला जाणाऱ्या विषयांपैकी एक होता, मग प्रश्न फार फिरवून यायला लागले, मार्क पडेनात, आणि २०१३ ला दोन ऑप्शनलचं एक झाल्यावर पोरं भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्राकडं वळली. म्हणून निव्वळ स्कोअरिंग म्हणून घेऊ नका. तुम्ही रोज प्रशासनात बसता, उदाहरणं तुमच्याकडं तयार आहेत, क्लासमधल्या पोरांना ती पाठ करावी लागतात. तुमच्या बाबतीत माझं मत हो असं आहे.

जुना कक्ष अधिकारी
बालाघाटची ताई, मी जिल्हा परिषदेतूनच निवृत्त झालो, तुमच्याच शिडीने वर गेलो : कनिष्ठ सहाय्यक, वरिष्ठ सहाय्यक, कनिष्ठ प्रशासन अधिकारी, मग कक्ष अधिकारी. त्यामुळे आधी कोरडी उत्तरं देतो.

परवानगी : लागते. प्रवेश घेण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांमार्फत सामान्य प्रशासन विभागाकडे अर्ज करा. कार्यालयीन वेळेत अभ्यासक्रम नाही, कामावर परिणाम होणार नाही, परीक्षेपुरती स्वतःच्या खात्यावरची रजा घेईन, एवढं स्पष्ट लिहा. परवानगीचा आदेश आला की त्याची प्रत सेवापुस्तकात लावून घ्या आणि निकाल लागल्यावर पदवीची नोंदही करून घ्या. तुम्ही स्वतः आस्थापनेला आहात म्हणून हे सोपं वाटेल, पण आस्थापनेच्या लोकांचीच सेवापुस्तकं सगळ्यात अर्धवट असतात हे मी आयुष्यभर पाहिलं.

पदोन्नती : सेवाज्येष्ठता, विभागीय परीक्षा, गोपनीय अहवाल, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा क्रम) यावर होते. एम.ए. झालं म्हणून तुमचा नंबर वर सरकत नाही. घरच्यांना हे आजच सांगून टाका म्हणजे पुढे अपेक्षा राहणार नाही.

आता तुम्ही जे लिहिलंत, की बिल तीनदा का परत येतं ते कळून घ्यायचंय, त्यासाठी मात्र हा विषय जरूर शिका. त्यावर नंतर सावकाश लिहितो, आत्ता नातवाला क्लासला सोडायचं आहे.

वैनगंगा
मी नागपूर विद्यापीठातून रेग्युलर केलं. इकडे विदर्भात अन तुमच्या मराठवाड्यात लोकप्रशासन हा वेगळा विषय म्हणून बी.ए. पासून शिकवतात, पश्चिम महाराष्ट्रात तो बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्राच्या पोटात असते. पुणे विद्यापीठात तर विभागाचं नावच राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग आहे. तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ जवळ पडते, तिथं लोकप्रशासनाचा विभाग आहे, चौकशी करा. राज्यातल्या विद्यापीठांत मराठीतून पेपर लिहिता येते, इग्नूत इंग्रजी किंवा हिंदी.

रेग्युलरची गोष्ट अशी की २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरण पीजीला लागू झालं. आता संशोधन पद्धतीचा पेपर आहे, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. एक वर्ष करून सोडलं तर पीजी डिप्लोमा मिळते. हे सगळं चांगलंच आहे पण हजेरी लागते, नोकरी करून जमत नाही ते. आमच्या वर्गात एक तलाठी भाऊ होते, पहिलं सेमिस्टर कसंबसं काढलं अन गेले बिचारे.

पण एक सांगतो. आम्हाला सरांनी गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखाला नेलं होतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. ग्रामसभेत निर्णय एकमताने घेतात, एक माणूस जरी नाही म्हणाला तरी विषय पुढं ढकलतात. त्या दिवशी मले पहिल्यांदा समजलं की विकेंद्रीकरण हा परीक्षेतला पाच मार्काचा प्रश्न नाही, ते लोकं खरंच जगतात. पुस्तकातून शिकला असता तर इतकं आत गेलं नसतं. म्हणून दूरशिक्षणातून केलं तरी निदान दोन-चार गावं, दोन-चार ऑफिसं अभ्यास म्हणून जाऊन बघा.

तासिकावाला
ताई तुम्हाला प्राध्यापक व्हायचं नसेल तर माझी पोस्ट सोडून द्या, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहितो. मी लोकप्रशासनात एम.ए., नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा). यूजीसी नेटला लोकप्रशासन स्वतंत्र विषय आहे, जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० आहे सध्या पहिली दोन वर्षं. ते सगळं ठीक. पण कॉलेजातल्या पूर्णवेळ जागा अतिशय कमी निघतात आणि लोकप्रशासनाच्या त्याहून कमी, त्याही मुख्यतः मराठवाडा-विदर्भात. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैशावर शिकवतो, दोन कॉलेजात मिळून, सुट्टीचे पैसे नाहीत. माझ्या वर्गात दरवर्षी हुशार पोरं येतात आणि विचारतात सर पुढं काय. मी त्यांना सांगतो की हा विषय घ्या पण सोबत आकडेवारी शिका, एक्सेल नीट शिका, अर्थसंकल्प वाचायला शिका, म्हणजे एनजीओ, जिल्ह्याचं एखादं मिशन, धोरण संशोधनाच्या संस्था इथं तरी दार उघडेल. नुसत्या एम.ए. वर प्राध्यापकीची वाट बघत बसू नका, चांगली वर्षं जातात त्यात.

रोखठोक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डिग्रीचा उपयोग शून्य. आमच्या महापालिकेत एम.ए., एम.फिल. झालेले लोक वीस वर्षं एकाच टेबलला आहेत. करायचंच असेल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा एलएसजीडी (स्थानिक स्वराज्याचा डिप्लोमा) करा, नगरपालिका-महापालिकेत त्याला निदान किंमत आहे. नाहीतर सरळ एमबीए. लोकप्रशासन म्हणजे वेबर, टेलर, फेयॉल, शंभर वर्षापूर्वीच्या गोऱ्या लोकांची मतं पाठ करायची. त्यानं बीडचं बिल पास होणार आहे का?

बालाघाटची
@रोखठोक दादा राग नाही. एलएसजीडीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मी जिल्हा परिषदेकडची, मला त्याचा किती उपयोग ते विचारते. @वैनगंगा मेंढा-लेखाचं वाचून छान वाटलं. @जुना कक्ष अधिकारी काका वाट बघतेय, सेवापुस्तकाचं अगदी खरं, माझंच बघितलं काल, गटविम्याची नोंद राहिलीय.

जुना कक्ष अधिकारी
लिहितो आता. जरा लांब होईल.

रोखठोक यांचा प्रश्न चांगला आहे, त्यानेच सुरुवात करतो. वेबरने नोकरशाहीबद्दल जे मांडलं त्यात लेखी नोंद, नियम, कामाची वाटणी, पदसोपान म्हणजे पदांची उतरंड, हे सगळं आहे आणि त्यानंतरच्या लोकांनी, समाजशास्त्रज्ञ मर्टनसारख्यांनी, हे दाखवलं की नियम पाळता पाळता नियम हेच ध्येय होऊन बसतं आणि ज्या कामासाठी नियम केला ते मागे पडतं. आता ताईंचं बिल घ्या. त्रुटी लावणारा कारकून स्वतःचा बचाव करतोय. त्याने बिल पास केलं आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली त्याच्यावर, पास नाही केलं तर त्याला कोणी काही विचारत नाही. म्हणजे थांबवण्याला शिक्षा नाही आणि पुढे सारण्यात धोका आहे. हे मला कळायला नोकरीतली निम्मी वर्षं गेली, आणि विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी वाचायला मिळतं. ज्याला हे कळलं तो त्या कारकुनाशी भांडत नाही, तो पहिल्याच वेळी तपासणी सूची जोडून बिल पाठवतो आणि सगळ्या त्रुटी एकाच वेळी कळवा असं लेखी मागतो.

दुसरं, हा विषय फक्त गोऱ्या लोकांचा नाही. आपल्या महाराष्ट्राने प्रशासनात जे प्रयोग केले ते देशात अभ्यासले जातात. अहमदनगरला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते, त्यांनी कलेक्टर कचेरीची बसण्याची व्यवस्था, कामाची वाटणी, अभिलेख सगळं नव्याने लावलं. त्यालाच लखिना पॅटर्न म्हणतात. सहा गठ्ठे पद्धत तुमच्या कार्यालयात अजून असेल : कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नाश करायचे कागद. कारकून रजेवर गेला तरी दुसऱ्या माणसाला फाईल सापडली पाहिजे, आणि कुठलं प्रकरण कशासाठी अडलंय ते गठ्ठ्यावरून दिसलं पाहिजे, एवढा साधा विचार. आज लोक तपासणीच्या आदल्या दिवशी गठ्ठे बांधतात कारण त्यामागचा विचार कुणी शिकवलाच नाही. २०१७ च्या सुमारास पुणे विभागात चंद्रकांत दळवी आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची मोहीम झाली, तिचा पाया तोच होता.

मग २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा. बदल्यांचा भाग सगळ्यांना पाठ आहे, तीन वर्षं झाली की अर्ज तयार. पण त्याच कायद्यात असंही लिहिलंय की कर्मचाऱ्याने फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त आपल्या टेबलावर ठेवायची नाही, तातडीची चार दिवसांत आणि अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. नंतर २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आला, त्यात सेवा वेळेत दिली नाही तर अपील आणि दंड आहे. एकाच राज्यात एवढे कायदे असताना बिल तीनदा का परत येतं, हाच तर लोकप्रशासनाचा प्रश्न आहे. कायदा केला की वागणूक बदलते असं नाही, मग वागणूक कशाने बदलते? याचं उत्तर एमबीएच्या पुस्तकात मिळणार नाही, कारण तिथे ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. पंचायत समितीला दुसरं दुकान नाही.

जिल्हा परिषदेत नोकरी करणाऱ्याने तर आपल्या संस्थेचा इतिहास शिकलाच पाहिजे. वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने भर तालुका पातळीवर दिला होता, आपण जिल्हा पातळी मजबूत केली आणि जिल्हाधिकाऱ्यांना बाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे पद दिलं. हा केवढा मोठा निर्णय होता! मग या व्यवस्थेचा आढावा घेणारी बोंगिरवार समिती झाली, १९८० च्या दशकात प्राचार्य पी. बी. पाटील समिती झाली, त्यानंतर पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती, पंचायतींकडे द्यायचे २९ विषय. आणि आज त्या २९ पैकी कितींचे पैसे आणि माणसं खरोखर आपल्याकडे आहेत, ते तुमच्या कार्यालयात बसून बघा. मला हे सगळं निवृत्तीनंतर यशदाच्या (पुण्यातली राज्याची प्रशासन प्रशिक्षण संस्था) ग्रंथालयात बसून वाचताना फार वाटायचं की नोकरीत असताना कोणी हे हातात ठेवायला हवं होतं.

सह्याद्री एक्सप्रेस
काकांना दंडवत, सेव्ह करून ठेवली पोस्ट.

मी इग्नूतून केलंय एम.ए. लोकप्रशासन, मंत्रालयात लिपिक असताना, लोकलमध्ये वाचून. प्रॅक्टिकल सांगते. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्र, परीक्षा जून आणि डिसेंबर. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, म्हणजे एखादं वर्ष घरच्या कारणानं गेलं तरी घाबरायचं नाही. स्वाध्याय म्हणजे असाइनमेंट ३० टक्के आणि परीक्षा ७० टक्के. महाराष्ट्रात प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे, नागपूरला, अभ्यासकेंद्रं बाकी जिल्ह्यांतही असतात, तुमच्या जवळचं कुठलं ते प्रवेशाच्या वेळी बघून घ्या. यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरायची, तेव्हा तो प्रश्न कुणी काढला तर ती सूचना दाखवा. पण कुठलीही संस्था असो, त्या वर्षासाठी त्या कोर्सला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का हे स्वतः वेबसाइटवर बघा, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका.

विषय चांगले आहेत खरंच. राज्य समाज आणि लोकप्रशासन, प्रशासकीय सिद्धांत, मनुष्यबळ व्यवस्थापन, सार्वजनिक धोरण, विकेंद्रीकरण आणि स्थानिक शासन, ई-गव्हर्नन्स, आपत्ती व्यवस्थापन. मला आपत्ती व्यवस्थापन सगळ्यात आवडलं. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, माझं आजोळ औशाकडचं त्यामुळे घरात ऐकलेलं होतं, पण पुनर्वसन कसं उभं केलं, गावं हलवायची की तिथंच बांधायची, लोकांना कुठं विचारलं आणि कुठं नाही, हे प्रशासनाच्या बाजूनं वाचताना वेगळंच दिसलं.

असाइनमेंटबद्दल कळकळीनं सांगते, त्या नेटवर विकत मिळतात, घेऊ नका. स्वतः हातानं लिहा. मी प्रत्येक उत्तरात ऑफिसचं एक तरी उदाहरण घालायचे आणि परीक्षेत तेच आठवायचं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर हिंदी माध्यम घ्या, पण हिंदीतले पारिभाषिक शब्द कधीकधी इंग्रजीहून अवघड जातात, तेव्हा दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचलं तर बरं पडतं. पुस्तकं इग्नूच्या ई-ज्ञानकोशवर फुकट आहेत, प्रवेश घ्यायच्या आधी एक पुस्तक उघडून वाचून बघा, कंटाळा आला नाही तर फी भरा.

रोखठोक
काकांची पोस्ट दोनदा वाचली. दुकानाचा मुद्दा मान्य. एमबीएचं मी मागे घेतो. पण माझं म्हणणं अजून हेच आहे की एवढं शिकून माणूस टेबलावर परत येतो आणि साहेब म्हणतात मागच्या वर्षीचा नमुना काढ. शिकलेल्याला त्रास जास्त होतो.

ग्रामपंचायतीतून
रोखठोक भाऊ, त्रास होतो पण बळ पण येतं. मी ग्रामसेवक म्हणून लागलो, आता २०२४ पासून आमचं पदनाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. मी पदवी नाही केली, एक सर्टिफिकेट कोर्स केला स्थानिक शासनाचा, तरी फरक पडला. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) निधी घ्या, ६० टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच, ४० अबंधित. गावात दरवर्षी भांडण, सरपंच म्हणणार पेव्हर ब्लॉक, महिला म्हणणार पाणी, आणि वरून लेबल बदलून खर्च टाकायचा दबाव. पूर्वी मी फक्त जीआर दाखवायचो, लोकांना वाटायचं हा अडवतोय. आता ग्रामसभेत फळ्यावर पैसे कुठून येतात, कशाला आलेत, कोणी अट घातली आणि का घातली हे मांडतो. तासभर जातो. पण नंतर आराखड्यावर सही करताना लोक भांडत नाहीत, उलट बायका विचारतात बंधितातले गेल्या वर्षीचे शिल्लक किती. हे मला कोर्सनंच सुचवलं, ऑफिसनं नाही.

ताई तुम्ही करा. आमच्यासारख्यांना तालुक्याला असा एक माणूस पाहिजे ज्याला जीआरच्या मागचं कळतं.

हडसनकाठी
मी मूळचा सोलापूरचा, सध्या न्यू जर्सीत, एका सिटी गव्हर्नमेंटमध्ये बजेट विभागात आहे. इकडे मास्टर ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, एमपीए, ही व्यावसायिक डिग्री आहे, तिकडच्या एम.ए. पेक्षा रचना वेगळी. सिराक्यूजची मॅक्सवेल स्कूल १९२४ पासूनची, या क्षेत्रातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. कोर्समध्ये सार्वजनिक अर्थसंकल्प, स्टॅटिस्टिक्स, कार्यक्रम मूल्यमापन हे सक्तीचं, शेवटी कॅपस्टोन म्हणजे एखाद्या खऱ्या ऑफिसचा खरा प्रश्न घेऊन टीमने सोडवायचा. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते अर्थसंकल्प. आधी मी आकडे बघायचो, आता कुठला खर्च एकदाचा आहे आणि कुठला दरवर्षी मानगुटीवर बसणार हे आधी बघतो.

एक गोष्ट तुम्हाला रंजक वाटेल. १९१३ ला ओहायोमधल्या डेटन शहरात भयंकर पूर आला, जुनी व्यवस्था कोलमडली, आणि १९१४ पासून त्या शहराने निवडून आलेल्या कौन्सिलने नेमलेला व्यावसायिक सिटी मॅनेजर आणला. मोठ्या शहरांत ते पहिलं. आज इथल्या बऱ्याच शहरांत ती पद्धत आहे आणि एमपीए झालेले लोक तिथे जातात. कौन्सिल त्याला काढूही शकते. आपल्याकडे महापालिका आयुक्त राज्य सरकार नेमतं, नगरसेवक नाही. कुठलं बरं यावर मी ऑफिसात आणि घरी दोन्हीकडे वाद घालतो, माझं मत असं की उत्तरदायित्व निवडून आलेल्यांकडे असायला हवं, पण सोलापूरचे मित्र म्हणतात मग आयुक्त सहा महिने तरी टिकेल का.

जे इकडे यायचा विचार करत असतील त्यांना मात्र सावध करतो. फी प्रचंड, बरेच एमपीए स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) यादीत नसतात त्यामुळे शिक्षणानंतर कामाची मुभा एकच वर्ष, फेडरल नोकऱ्यांना बहुतांशी नागरिकत्व लागतं आणि सिटी-काउंटी व्हिसा स्पॉन्सर करायला क्वचितच तयार होतात. माझ्याकडे बायकोमुळे ग्रीन कार्ड होतं म्हणून जमलं. कर्ज काढून फक्त एमपीएसाठी येऊ नका, स्कॉलरशिप असेल किंवा शिकून परत जायचं ठरलेलं असेल तरच.

पेठेतला
तरुण मंडळींसाठी अजून एक, मुख्यमंत्री फेलोशिप. २०१५ ला सुरू झाली, मधे बंद होती, २०२३ ला परत सुरू केली. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव. वर्षभर प्रशासनात काम आणि सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा सर्टिफिकेट कोर्स. ताईंना वयामुळं नाही बसणार पण वाचणाऱ्यांनी बघा, निकष त्या वर्षीच्या जाहिरातीतच तपासा.

बालाघाटची
सगळ्यांचे मनापासून आभार. ई-ज्ञानकोशवर विकेंद्रीकरणाचं पुस्तक उघडलं, रात्री बारापर्यंत वाचत बसले. पण मन मराठीतून लिहिण्याकडं ओढतंय, इंग्रजीत मला मनातलं नीट मांडता येत नाही. त्यामुळं आधी संभाजीनगर विद्यापीठात आणि आमच्या जवळच्या कॉलेजात नोकरदारांना कितपत जमेल ते विचारणार, नाही जमलं तर इग्नू हिंदी.

आणि प्रकल्पाचा विषय मला आत्ताच सुचलाय, सांगा बरोबर आहे का. २०२२ मध्ये आमच्यासकट राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत, आणि सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) प्रशासक झाले, पंचायत समितीत बीडीओ (गटविकास अधिकारी). सगळे म्हणायचे आता कामं पटापट होतात, सभा नाहीत, सदस्यांचे फोन नाहीत. आणि लोक म्हणायचे आता कुणाकडं जायचं, सदस्यच नाही. दोन्ही मी कानानं ऐकलंय. तर खरंच कामं लवकर झाली का, आणि कुणाची झाली, याचा अभ्यास करता येईल?

तासिकावाला
ताई हा विषय फार चांगला आहे, मी माझ्या विद्यार्थ्यांना द्यायला शोधत होतो असा. पण आवरा त्याला. एकच तालुका घ्या, एकच प्रकारचं काम घ्या, उदा. शाळा वर्गखोली दुरुस्ती किंवा दलित वस्ती सुधार. मुदत संपायच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं. मात्र आधीच्या काळात कोविड येतो हे विसरू नका, म्हणजे आधीची वर्षं २०२० पूर्वीची घ्यावी लागतील नाहीतर तुलना खोटी पडेल. प्रस्ताव आल्याची तारीख, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, या तारखांतला फरक काढा. आणि फक्त वेग मोजू नका. कुठल्या गावांना कामं गेली ते नकाशावर मांडा, सदस्य असताना लहान वाड्या-तांड्यांना जे मिळायचं ते नंतर मिळालं का, हा खरा प्रश्न निघेल बहुतेक. सोबत पाच-सहा माजी सदस्य, त्यात महिला सदस्य नक्की, आणि पाच-सहा सरपंच यांच्या मुलाखती.

जुना कक्ष अधिकारी
सर म्हणतात ते बरोबर. महिला सदस्यांचं विशेष बरोबर, कारण ५० टक्के आरक्षणाने ज्या बोलायला लागल्या होत्या त्यांचं व्यासपीठच त्या काळात बंद होतं.

मी कागदांचं सांगतो. तुम्ही कर्मचारी आहात, टेबलावरचे अभिलेख अभ्यासासाठी परस्पर वापरू नका. सीईओंकडे लेखी परवानगी मागा, विद्यापीठाचं पत्र जोडा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा, नागरिक म्हणून तो हक्क तुम्हालाही आहे. सभांची आणि स्थायी समितीची इतिवृत्तं, प्रशासकांचे ठराव आणि मान्यतेचे आदेश ही यादी करा. तारखा इतिवृत्तावरून घेऊ नका, ती बऱ्याचदा मागाहून लिहिलेली असतात. आवक-जावक नोंदवहीतल्या घ्या, तिथे अनुक्रमांक मोडता येत नाही.

बालाघाटची
काका आवक-जावक २०२१ नंतर ई-ऑफिसला (संगणकावरच्या फाईली) गेलीय आमच्याकडं अर्धी, अर्धी अजून वहीतच आहे. मग दोन्ही काळ जुळवायचे कसे?

सह्याद्री एक्सप्रेस
ई-ऑफिसमध्ये प्रत्येक फाईलची हालचाल दिसते, कुणाकडून कुणाकडं कधी गेली, तो रिपोर्ट मागा. वहीच्या काळासाठी फक्त आवक आणि जावक एवढ्याच दोन तारखा मिळतील, म्हणून दोन्हीकडं त्याच दोनच तारखा मोजायच्या, मधलं सोडायचं. आणि कुठलं प्रकरण कुठल्या पद्धतीनं गेलं त्याचा एक वेगळा रकाना तक्त्यात ठेवा, मार्गदर्शक पहिल्यांदा तेच विचारतील.